शिळेवरचे साल

सोलापूर हे जसे चादरीचे गाव आहे तसेच ते पंचांगाचेही गाव आहे. दाते पंचांग शंभराहून अधिक वर्षे याच गावातून महाराष्ट्रभर जाते, आणि पाडव्याला ते आणून खुंटीला अडकविण्याची चाल अजून मोडलेली नाही. तेव्हा तिथी, वार, नक्षत्र हे शब्द येथील श्रोत्यांना समजावून सांगावयाची गरज नाही. एकाच दिवसाला अनेक साले असतात हेही आपणांस ठाऊक आहे. नवी पेठेतून एक फेरी मारावी. एखाद्या कापडवाल्याच्या चोपडीवर दिवाळीपासून सुरू झालेले विक्रम संवत असते, शेजारच्या दुकानातील दिनदर्शिकेवर हिजरी महिना असतो, लग्नपत्रिकेवर शालिवाहन शक असतो आणि बिलावर इसवी सन. जुने महसुली कागद काढले तर त्यांत फसली साल निघते ते निराळेच. ही सारी साले एकाच बाजारात गुण्यागोविंदाने नांदतात.

आम्हांला ज्या सालांविषयी बोलावयाचे आहे ती कागदावरची नव्हेत, दगडावरची आहेत. ती कशी वाचतात, त्यांवर विश्वास कितपत ठेवावा, आणि वाचून झाल्यावर हाती काय लागते, एवढाच आमचा विषय. आम्ही पंडित नाही. यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या संघटनेत वर्षे घालविलेला माणूस शिलालेखांकडे कसा वळला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर साधे आहे. आमचे निम्मे आयुष्य हजेरीवह्या आणि पगारपत्रके वाचण्यात गेले, आणि शिलालेखाचे साल तपासण्याची रीत काही फार वेगळी नाही.

जवळचेच उदाहरण घेऊ. सोलापूरच्या दक्षिणेस भीमा आणि सीना यांच्या संगमावर हत्तरसंग-कुडल हे गाव आहे. तेथील संगमेश्वराच्या देवळात एका तुळईवर एक लहानसा मराठी लेख कोरलेला आहे. सोलापूरचे आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. कुंभार हे कोणत्याही विद्यापीठाच्या चाकरीत नव्हते. जिल्ह्यातील गावोगाव हिंडून त्यांनी देवळांच्या भिंती, पारावरचे दगड आणि शेतातल्या शिळा पाहिल्या, आणि श्रीनिवास रित्ती यांच्यासह सोलापूर जिल्ह्यातील कोरीव लेखांचा संग्रह १९८८ साली प्रसिद्ध केला. त्यातील बहुसंख्य लेख कन्नड आहेत. हे सांगितले म्हणजे काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. पण ज्या गावात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच गल्लीत बोलल्या जातात, त्या गावाने तरी याचे आश्चर्य मानू नये.

कुडलच्या लेखात शके ९४० असे साल आहे आणि त्याच्या जोडीला कालयुक्त हे संवत्सराचे नाव आहे. आता ही दोन अंगे एकमेकांशी जुळतात का ते पाहू. रीत अशी : नर्मदेच्या दक्षिणेकडील प्रघाताप्रमाणे शकाच्या आकड्यात १२ मिळवावे, येईल त्या संख्येस ६० ने भागावे, आणि जी बाकी उरेल ती प्रभवापासून मोजावी. ९४० मध्ये १२ मिळविले की ९५२. पंधरा वेळा साठ म्हणजे ९००. बाकी ५२. प्रभव, विभव, शुक्ल असे मोजत गेले की बावन्नावे नाव कालयुक्त येते. म्हणजे कोरणाऱ्याने दोन साक्षी दिल्या आणि त्या एकमेकींना मिळाल्या. आमच्या वयाच्या माणसांनीही एक कालयुक्त पाहिलेला आहे. शके १९००, म्हणजे इ. स. १९७८-७९, हे साल कालयुक्तच होते.

शके ९४० म्हणजे इ. स. १०१८-१९. असे जोडसाल का द्यावे लागते? शक चैत्रात बदलतो आणि इसवी सन जानेवारीत. म्हणून वर्षाच्या बहुतेक भागात शकात ७८ मिळवावे लागतात आणि पौषाच्या सुमारास ७९ होतात. शिवाय जुने लोक कधी गेलेले वर्ष लिहीत, कधी चालू. कोणी वय विचारले तर एक म्हणतो पन्नास झाली, दुसरा म्हणतो एकावन्नावे चालू आहे. दोघेही खरेच सांगतात, पण हिशेबात एका वर्षाचा फरक पडतो. कित्येक ठिकाणी आकडाच नसतो, शब्द असतात. आकाश म्हणजे शून्य, नेत्र म्हणजे दोन, अग्नी म्हणजे तीन, वेद म्हणजे चार, बाण म्हणजे पाच, ग्रह म्हणजे नऊ. आणि वाचावयाचे ते उलट, उजवीकडून डावीकडे. कोणी ‘आकाश-वेद-ग्रह’ असे लिहिले तर ते ९४० झाले. कवीला हे सोयीचे, कारण आकडा वृत्तात बसत नाही. शिवाय दगडाचा टवका उडाल्याने एखादा आकडा चटकन बिघडतो, शब्द तितका सहज बिघडत नाही.

सालाला एवढ्या साक्षी का लागतात, हे आम्हांला हजेरीवहीने शिकविले. पूर्वी एका कारखान्याविरुद्धच्या तक्रारीत मालकाकडून वही हजर झाली. अक्षर सुरेख, खाडाखोड नाही, बेरजा बरोबर. पण ताडून पाहता आठवड्याच्या सुटीच्या दिवशी सबंध खात्याची हजेरी लागलेली निघाली! वही मागाहून एका बैठकीत भरलेली होती. तारीख कोणालाही लिहिता येते, तिचा वार मात्र पंचांग उघडल्यावाचून लिहिता येत नाही. बनावट ताम्रपटही असेच पकडले जातात. जमिनीवर हक्क सांगण्यासाठी कोणी पणजोबांच्या नावे जुना पट तयार करतो, तिथी आणि वार ऐटीत घालतो, आणि त्या तिथीला तो वार नव्हताच असे गणित सांगते.

या वारानेच एकदा एका साम्राज्याचा काळ निश्चित करण्यास मदत केली, आणि ते गणित करणारा मनुष्य आपल्या कोकणातील होता. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म १८५३ साली दापोलीजवळच्या मुरुड गावी झाला. पेशा शिक्षकाचा. उण्यापुऱ्या पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ लिहिला आणि रॉबर्ट सेवेल यांच्यासह हिंदी कालगणनेवर इंग्रजी ग्रंथ केला. दोन्ही १८९६ चे. त्याआधी, शिलालेखांचे अभ्यासक फ्लीट यांच्यापुढे एक कोडे होते. गुप्त राजांच्या लेखांत ‘अमुक वर्ष’ एवढेच येते. पण कोणापासूनचे वर्ष? अल्बेरुनीने गुप्तकाल शकानंतर २४१ वर्षांनी सुरू होतो असे लिहून ठेवले होते, तरी पंडितांत एकमत नव्हते. कोणी हा काल दीडशे वर्षे मागे नेत होता, कोणी त्याहूनही मागे. मध्यप्रदेशातील एरण येथील स्तंभावर बुधगुप्ताच्या वेळचे वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार, अशी नोंद आहे. दीक्षितांनी गणित मांडले. अल्बेरुनीचे म्हणणे धरले तर ती तिथी इ. स. ४८४ च्या जून महिन्याच्या २१ तारखेला येते, आणि त्या दिवशी गुरुवारच होता.

एकट्या वाराने भागत नाही हे खरे. सातांत एकदा तो योगायोगानेही जुळेल. फ्लीट यांना दुसरी साक्ष मिळाली ती मंदसोरच्या शिळेची, आणि ती ऐकून विणकरांच्या या गावाने कान टवकारावेत. ती शिळा कोण्या राजाने कोरविलेली नाही. ती रेशीम विणणाऱ्यांच्या श्रेणीची आहे, आजच्या भाषेत त्यांच्या संघाची. हे विणकर लाट देशातून, म्हणजे आजच्या दक्षिण गुजरातेतून, दशपुरास येऊन राहिले. काहींनी धंदा बदलला. कोणी धनुर्विद्येकडे गेला, कोणी कथेकऱ्यांत, कोणी ज्योतिषात. बाकीचे मागावरच राहिले आणि त्यांनी मिळविलेल्या पैशातून सूर्याचे देऊळ बांधले. मालव संवत ४९३ मध्ये देऊळ झाले. पुढे त्याचा काही भाग पडला, तेव्हा ५२९ मध्ये याच श्रेणीने ते दुरुस्त केले. वत्सभट्टी नावाच्या कवीकडून त्यांनी हा सारा वृत्तान्त रचून घेतला, आणि आपल्या रेशमी वस्त्रांची तारीफ त्यात घालावयास ते विसरले नाहीत. धंदा तो धंदाच!

या लेखात त्या वेळचा सार्वभौम राजा म्हणून कुमारगुप्ताचे नाव आहे. मालव संवत म्हणजेच विक्रम संवत हे धरले की ४९३ म्हणजे इ. स. ४३६ च्या सुमारास कुमारगुप्त राज्य करीत होता असे ठरते. त्याची गुप्त वर्षे इतर लेखांवरून माहीत होतीच. दोन्ही ताडून पाहता गुप्तकालाचा आरंभ इ. स. ३१९-२० च्या आसपास येतो, अल्बेरुनीने सांगितला तिथेच. साम्राज्याच्या स्वतःच्या स्तंभांनी जे सांगितले नाही ते परगावाहून आलेल्या विणकरांच्या वर्गणीच्या शिळेने सांगितले. तेलंगणातून सोलापुरात येऊन मागावर बसलेल्या पद्मशाली घराण्यांतील मंडळी या सभेत असतील. त्यांना दशपुरचे ते लोक परके वाटू नयेत.

आता थोडे दूर, थेट सातासमुद्रापलीकडे जाऊ. कारण दगडावरील सालाचा सर्वांत मोठा पसारा जगात कुठे मांडला गेला असेल तर तो मध्य अमेरिकेत, मय लोकांच्या नगरांत. ग्वाटेमाला, होंडुरास, बेलीझ आणि दक्षिण मेक्सिको या भागात रानात उभ्या असलेल्या त्यांच्या शिळांवर माणसांच्या मूर्ती आहेत आणि भोवती चित्रलिपी. एकाला एक टिंब, पाचाला एक आडवी रेघ, शून्याला स्वतंत्र खूण. मोजणी विसाविसांची. वीस दिवसांचा एक गट, अशा अठरा गटांचे ३६० दिवसांचे वर्ष, वीस वर्षांचे ७,२०० दिवस, आणि त्याची वीसपट म्हणजे १,४४,००० दिवस. शिळेवर पाच आकडे एकाखाली एक असतात. तिकाल येथील एका शिळेवरील आकडे ८, १२, १४, ८ आणि १५ असे आहेत. त्यांचा गुणाकार-बेरीज केली की आरंभापासून १२,४३,६१५ दिवस होतात, आणि ते इ. स. २९२ मध्ये पडतात. आपले ज्योतिषी अहर्गण काढतात तो हाच प्रकार. शिवाय २६० दिवसांचे एक चक्र आणि ३६५ दिवसांचे दुसरे अशी दोन नावेही ते सोबत देत. ही जोडी ५२ वर्षांनी पुन्हा येते, जसे आपले कालयुक्त साठ वर्षांनी येते. म्हणजे तेथेही साक्षी अनेक.

त्यांच्या मोजणीचा आरंभ इ. स. पूर्व ३११४ मध्ये येतो आणि आपल्या कलियुगाचा ३१०२ मध्ये. एवढ्यावरून मय म्हणजे मयासुर, असे सांगणारे विद्वान आपल्याकडे अधूनमधून उगवतात. बारा वर्षांच्या फरकावर आणि एका नावाच्या सारखेपणावर समुद्र ओलांडता येत नाही. कुडललाच गेल्या शतकाच्या अखेरीस उत्खननात बहुमुखी शिवलिंग निघाले. त्यावर ३५९ मुखे आहेत आणि मूळ लिंग धरून ३६० होतात असे सांगतात. वर्षाच्या दिवसांशी त्याचा संबंध असेलही. पण त्यामुळे कुडलचा शिल्पकार ग्वाटेमालास जाऊन आला असे होत नाही. २०१२ च्या डिसेंबरात मयांच्या मोजणीचे तेरावे मोठे आवर्तन पुरे झाले, तेव्हा जग बुडणार म्हणून आपल्याकडेही वाहिन्यांनी केवढा गोंधळ घातला! त्यापलीकडेही मोजणी चालू राहते, जशी आपली प्रमाथीपाठोपाठ विक्रमाला जाते.

हे आकडे ज्यांनी उलगडले ते बहुतेक आडवाटेचे लोक होते. अर्न्स्ट फोर्स्टेमान हा ड्रेस्डेनचा ग्रंथपाल. त्याने मय देश कधी पाहिला नाही. आपल्या ग्रंथालयातील एका मय पोथीवरून १८८० च्या सुमारास त्याने गणनेची किल्ली काढली. ती गणना इसवी सनाशी जोडणारा गुडमन हा नेवाडातला वर्तमानपत्रवाला. त्याचे गणित १९०५ चे. साले वाचता येऊ लागली. पण गंमत अशी की, साले कळल्यावर पन्नास वर्षे शिळांवरील माणसे मात्र कोणाला दिसली नाहीत. एरिक थॉम्पसन हे या विषयातील फार मोठे पंडित. त्यांचे मत असे की, मय लोक काळाचीच पूजा करीत. या शिळांत देव आहेत, ग्रह आहेत, पुरोहित आहेत, पण राजे आणि लढाया नाहीत.

तातियाना प्रोस्कुरियाकोफ या बाईंनी हे मत पालटले. जन्म १९०९, सायबेरियातील तोम्स्क येथला. कुटुंब अमेरिकेत गेले. वास्तुशास्त्राची पदवी १९३० मध्ये घेतली आणि मंदीत काम मिळेना. शेवटी १९३६ साली पिएद्रास नेग्रास येथील उत्खननावर आराखडे काढणारी म्हणून त्या गेल्या. पुढे त्यांनी तेथील शिळा गटागटाने मांडल्या. प्रत्येक गटाच्या पहिल्या शिळेवर कोनाड्यात उंचावर बसलेली एक व्यक्ती, खाली शिडी. तिच्या तारखेपासून दर पाच वर्षांनी पुढची शिळा. आणि एका गटातील साऱ्या तारखा एका माणसाच्या आयुष्यात मावतात. पहिल्या शिळेच्या तारखेपूर्वी बारा ते एकतीस वर्षांची आणखी एक तारीख हटकून येते. देवाला जन्म आणि वय कशाला हवे? ही जन्माची तारीख, ही गादीवर बसल्याची. हा निबंध १९६० साली प्रसिद्ध झाला, आणि थॉम्पसन यांनीही त्यांचे म्हणणे मान्य केले. पायघोळ वस्त्रातील ज्या आकृतींना लोक पुरोहित म्हणत होते त्या स्त्रिया आहेत, हेही त्यांनीच दाखविले. तिकडे लेनिनग्राडमध्ये यूरी क्नोरोझोव्ह यांनी १९५२ मध्येच ही लिपी उच्चारांची आहे असे मांडले होते. शीतयुद्धाच्या धुक्यात ते पुष्कळांना ऐकू गेले नाही.

आम्हांला यात जो मुद्दा वाटतो तो हा. आकडा वाचून पंडित थांबले होते. बाईंनी विचारले की हा आकडा कोणाचा आहे.

आपल्याकडे आकड्यापाशी थांबण्याची हौस थोडी निराळी आहे. ‘मराठीतला पहिला लेख कोणता’ या प्रश्नावर आपण सभा गाजवितो. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी चामुंडरायाचे नाव असलेली मराठी ओळ आहे. लहानपणी शाळेत तिचे साल इ. स. ९८३ असे पाठ करून घेतात. पण त्या ओळीवर साल नाही. ते मूर्तीच्या काळावरून लावलेले आहे. खालच्या ओळीत गंगराजाचे नाव येते, तो होयसळ विष्णुवर्धनाचा मंत्री, बाराव्या शतकाच्या आरंभीचा. दोन्ही ओळी एकदमच कोरल्या असे मानले तर पहिलीही तेवढीच अलीकडे येते. अलिबागजवळच्या अक्षीच्या लेखावर साल आहे. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी ते शके ९३४ असे वाचले. संवत्सराचे नाव त्यांच्या मते परिधावी. आमच्या रीतीने ९३४ आणि १२ मिळून ९४६, बाकी ४६, आणि सेहेचाळिसावे परिधावीच. परंतु लेखातील केशिदेव हे नाव शिलाहारांच्या पुढच्या पिढीतही येते, आणि आकड्यांचे वेगळे वाचन करून काहींनी हा लेख दोनेकशे वर्षे अलीकडे आणला. या वादात अमुक लेख पहिला ठरला म्हणून मराठी मोठी होत नाही, दुसरा ठरला म्हणून लहान होत नाही. पुराव्याला नमते घ्यावे आणि पुढे जावे.

वाद चालू असताना शिळेवरील चित्राकडे दुर्लक्ष होते ते वेगळेच. अक्षीची शिळा ही गधेगळ आहे. माथ्यावर चंद्रसूर्य, म्हणजे ते आहेत तोवर हे दान चालावे. खाली गाढवाची जी शिवी चितारली आहे ती दान मोडणाऱ्याला, ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही कळावी अशी. आपल्या जिल्ह्यात गावच्या वेशीवर वीरगळ उभे असतात. तळच्या पट्टीत लढाई, कधी गुरे. मधल्या पट्टीत अप्सरा वीराला वर नेताहेत. माथ्यावर तो शिवलिंगापुढे बसलेला. बांगड्या भरलेला नुसता हात कोरलेला असेल तर ती सतीशिळा. कित्येक वीरगळांवर एक अक्षर नाही, साल नाही. कोणीतरी गावची गुरे सोडविताना मेला एवढेच ते सांगतात. त्यांना शेंदूर फासतात, तेलकट रंग देतात, क्वचित धुण्याचा दगडही करतात. रंग देण्यापूर्वी छायाचित्र तरी घेऊन ठेवावे अशी आमची गावकऱ्यांना विनंती असते; ती दहांतले दोघे ऐकतात.

कोणाचे साल, या प्रश्नाला भरघोस उत्तर देणारी शिळा आपल्याच जिल्ह्यात आहे. पंढरपूरला विठ्ठलाच्या देवळात चौऱ्याऐंशीचा शिलालेख म्हणून जो प्रसिद्ध आहे तो शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७७ या काळातला. आरंभीचे साल तपासावयाचे तर ११९५ आणि १२ मिळून १२०७. साठाने भागून बाकी ७. प्रभव, विभव, शुक्ल, प्रमोद, प्रजापती, अंगिरा, श्रीमुख. शिळेवर श्रीमुखच आहे. ज्ञानदेव तेव्हा अगदी बालवयात असतील. यादव रामचंद्राचे राज्य होते, आणि त्याचा मंत्री हेमाद्री याचेही नाव त्या शिळेवर आहे.

पण राजा आणि मंत्री सोडून पुढे वाचावे. ती देणगीदारांची यादी आहे. अमक्याने एवढे दिले, तमक्याने तेवढे. निरनिराळ्या गावांची माणसे, आणि पाच वर्षांच्या काळात भर पडत गेलेली नावे. वर्गणी गोळा करण्यात ज्याची हयात गेली त्याला हे दगडावरचे पावतीपुस्तक आहे हे सांगावे लागत नाही. ज्याने पैसा दिला त्याचे नाव चारचौघांत लागले पाहिजे, आणि कोणत्या साली दिला तेही, हा व्यवहार साडेसातशे वर्षांपूर्वी तितकाच कडक होता. त्या आधी शके ११५९ मध्ये, हेमलंबी संवत्सरी, होयसळ सोमेश्वराने भीमेच्या काठी पंडरगे येथे तळ असताना दिलेल्या दानाचा लेखही पंढरपुरात आहे. तो राजाचा लेख आहे, भाषा संस्कृत आणि कन्नड. चाळीसच वर्षांत त्याच देवाच्या दारात साध्या माणसांची नावे मराठीत आली.

चौऱ्यांशीच्या शिळेला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो अशी समजूत पडली. वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी पाठी घासल्या आणि अक्षरे झिजली. एका माणसाने दिलेली देणगी दुसऱ्या माणसाच्या पाठीने पुसली गेली. अभ्यासकांनी ठसे घेतले म्हणून उरलेली नावे वाचता येतात. शके ११९९ हे ईश्वर संवत्सर. यादी तेथपर्यंत येऊन थांबते.